दोऱ्याचे पदर

जुन्या गोधडीचं वय सांगायचं असेल तर आधी दोरा बघावा. कापड फसवतं. गोधडीत गेलेलं लुगडं गोधडीपेक्षा वीस-तीस वर्षांनी जुनं असू शकतं. आजेसासूबाईंचं नेसून विरलेलं पातळ नातसुनेने बाळाच्या दुपट्याला काढलेलं असतं. पण दोरा त्या आठवड्यात आणलेला असतो. म्हणून कडेचे दोन टाके उसवावेत, बोटभर दोरा काढावा आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्याचा पीळ उलटा सोडवावा.

पीळ सुटला की दोऱ्याचे पदर मोकळे होतात. एकच पदर निघाला, तोही कुठे जाड कुठे बारीक, तर ते हातचं सूत. तीन किंवा सहा सारखे पदर निघाले तर तो गिरणीचा, मशीनसाठी वळलेला दोरा. आणि पदर निघाले पण झिलई वेगळी वाटली तर टोक दिव्याला लावून बघावं. कापूस कागदासारखा जळतो, त्याची मऊ राखाडी राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. एवढ्या तपासात गोधडीचा काळ बराचसा कळतो. धार-देवासकडच्या मराठी घरांतल्या, आपल्या जैन घरांतल्याही, ट्रंकांमध्ये हे तिन्ही काळ एकावर एक घडी घालून ठेवलेले सापडतात.

ही घरं इथे आली ती पवारांच्या मागे. अठराव्या शतकात, पेशव्यांच्या माळवा-स्वाऱ्यांमधून, धारला पवारांची एक गादी झाली आणि देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या दोन. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात नांदत होत्या. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून राहिलेले इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी या दुहेरी राज्याची हकीकत पुढे 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात लिहून ठेवली. सरदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, आणि त्यांच्या बायका आपापल्या भागातले शब्द घेऊन आल्या. गोधडी हा त्यांतला एक. माळवीत तिला गुदडी म्हणतात, माझ्या माहेरी सांगलीकडे वाकळ, आणि सीमेपलीकडे कानडी मुलखात कौदी. जैन तर इथे पवारांच्याही आधीपासून होते, व्यापारात आणि सावकारीत. त्यांच्या घरात माळवी चाले आणि दरबारातल्या बायकांशी मराठी. गुदडी आणि गोधडी एकमेकींच्या शेजारी वाळत पडल्या.

हातशिलाईच्या काळात दोरा निवडणं हा वेगळा प्रश्नच नव्हता. माळव्याच्या काळ्या मातीत कापूस होता, पण तो आखूड धाग्याचा. त्याचं सूत जाडंभरडं निघायचं आणि गोधडीला तेच हवं असायचं. कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि चौकोनात फिरत मध्यभागी यायचं. टाका लांब, ओढ सैल. अशा गोधडीवर वर्षानुवर्षं मुलं लोळली की आधी दोरा झिजायचा. कापड जागेवर राहायचं. तुटलेल्या ओळीवरून सुई पुन्हा फिरवली की झालं. गोधडीचा सगळा हिशोब यात आहे, आणि मशीन आल्यावर तो कसा उलटला ते पुढे सांगते.

दोऱ्याला मजबुती यावी म्हणून शिवणारे त्याला मेण लावतात. आपल्याकडे मध वर्ज्य, तेव्हा पोळ्याचं मेण सुईच्या डब्यात ठेवणंही पुष्कळ घरांना रुचत नाही. त्यांनी तांदळाच्या पेजेची पातळ खळ दोऱ्यावरून ओढून सावलीत वाळवावी. हाताच्या सुईपुरती ती छान चालते.

कापडाची पारख आपल्या बायकांना शिवणामुळे आली असं मला वाटत नाही. ती पाण्यामुळे आली. धारहून मांडूला जाताना वाटेत नालछा लागतं, जुनं नाव नलकच्छपूर. मेवाडातल्या मांडलगडाहून घोरीच्या स्वाऱ्यांच्या काळात पंडित आशाधर धारेला आले आणि पुढे या नालछ्यात राहून त्यांनी ग्रंथ लिहिले. 'सागारधर्मामृत' हा त्यांचा श्रावकांच्या आचाराचा ग्रंथ. त्यावरची त्यांची स्वतःची टीका विक्रम संवत १२९६ मधली आहे. त्यात पाणी गाळण्याच्या व्रतात काय काय चुकू शकतं ते सांगताना ते खराब कापडाने पाणी गाळणं हाही दोष मानतात. विचार करा, सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वी, धारपासून काही कोसांवर, कापडाची वीण हा धर्माचा विषय झालेला आहे. ग्रंथ पंडितांनी लिहिला, पण रोज पहाटे गाळणं हातात धरणारी घरातली बाई होती. कापड दुहेरी करून सूर्याकडे धरायचं, बिंब दिसता कामा नये. धागा विरला की ते गाळणं बाद. ज्या बाईने जन्मभर हे केलं तिला दोऱ्यातला सैल पीळ बोटांना कळणारच.

आता मशीन. अमेरिकेत एलायस होवे यांना दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट १८४६ मध्ये मिळालं, सिंगर यांना १८५१ मध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर हिंदुस्थानात चांगलं रुजलं होतं, आणि त्या कंपनीचा इथला कारभार पुष्कळ वर्षं नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. आधी मशीन शिंप्याच्या दुकानात आलं, घरात नंतर. आणि मशीनने पहिली अट घातली ती दोऱ्याची.

हातात दोरा कापडातून नुसता पुढे ओढला जातो. मशीनमध्ये तसं नसतं. सुईच्या नेढ्यातून, ताणाच्या चकत्यांमधून, खालच्या शटलभोवती फिरून तोच दोऱ्याचा तुकडा टाक्यात बसण्याआधी कितीतरी वेळा पुढे-मागे घासला जातो. एकपदरी सूत तिथे पिसतं, त्याचा पीळ सुटतो, नेढ्यात गाठ होते. सुरुवातीला हातशिलाईचा तीनपदरी, खळ देऊन चकचकीत केलेला दोरा मशीनवर वापरून बघितला गेला, पण तो कडक पडला. मग १८६०च्या दशकात क्लार्क घराण्याच्या जॉर्ज क्लार्क यांनी अमेरिकेत मऊ सहापदरी दोरा मशीनसाठी म्हणून बाजारात आणला: दोन-दोन पदर आधी वळायचे, मग त्या तीन जोड्या उलट्या दिशेने एकत्र पिळायच्या. दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात आणि दोरा गोल, एकसारखा राहतो.

हे क्लार्क मूळचे स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावचे. तिथे शाली विणत. मागाच्या वह्यांना, म्हणजे ताण्याचे धागे उचलणाऱ्या दोरीच्या फासांना, रेशीम लागे. १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्लंडची नाकेबंदी केली, रेशीम येईनासं झालं, तेव्हा पॅट्रिक क्लार्क यांनी कापूस तितकाच गुळगुळीत वळून दाखवला. वह्यांना चालला तो दोरा शिवणालाही चालला. म्हणजे आपण ज्याला रिळाचा दोरा म्हणतो तो रेशमाला पर्याय म्हणून जन्माला आलेला आहे, तोही युद्धामुळे. कोट्स हे पेस्लीचंच दुसरं घराणं, आणि पुढे दोन्ही एक झाली. गंमत म्हणजे पेस्लीच्या शालींवरची कोयरी आपल्याच काश्मीरकडून गेलेली. आपली कोयरी तिकडे गेली आणि तिकडचं रीळ इकडे आलं.

मला एक प्रश्न बरेच दिवस होता. कापूस माळव्यात, गिरण्या इंदुरात, मग रीळ पेस्लीचं का? देवासहून इंदूर पस्तीसेक किलोमीटर, धारहून साठच्या आसपास. होळकरांची स्टेट मिल १८६०च्या दशकातली. पुढे माळवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी अशी रांगच लागली. यांतली मोठी नावं आपल्याच समाजाची. काचमंदिर बांधणारे सर सेठ हुकुमचंद यांना लोक कापसाचे राजे म्हणत, आणि त्यांच्या पत्नी कंचनबाई यांच्या नावाने इंदुरात श्राविकाश्रम निघाला. एवढं असून रीळ मात्र बाहेरचं, याचं कारण कापसाच्या बोंडात आहे. सहा पदर एका बारीक दोऱ्यात बसवायचे तर प्रत्येक पदर फार बारीक हवा, आणि तितका बारीक पदर लांब धाग्याच्या कापसातूनच निघतो. इजिप्तचा कापूस, अमेरिकेचा सी आयलंड कापूस पेस्लीला जायचा. माळव्याच्या आखूड कापसाचं धोतर होतं, चादर होते, गोधडीचं अस्तर होतं. मशीनचा बारीक दोरा होत नाही. पुढे दक्षिणेत हार्वे बंधूंच्या मदुरा गिरण्या आणि पेस्लीचे कोट्स एकत्र येऊन मदुरा कोट्स हे नाव झालं, आणि आपल्या हातात आलेली पुष्कळ रिळं तिकडची.

(हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला २०२३ उजाडलं. त्या गिरणीच्या मांजरपाटाची अस्तरं असलेल्या गोधड्या मात्र अजून अंगावर आहेत.)

स्वदेशीच्या काळात परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या, पण शिवणाचं मशीन त्यातून वाचलं. गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध, पण १९२४ साली रामचंद्रन या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद केला: सिंगर यांनी बायकोचे शिवणाचे कष्ट बघून ते केलं, त्यामागे प्रेम होतं, असं त्यांचं म्हणणं. सिंगर यांचं चरित्र वाचलेल्या कोणालाही हे ऐकून हसू येईल. बायकांच्या बाबतीत तो गृहस्थ फार वाईट होता. पण गांधीजींच्या मनातला मुद्दा खरा होता. हाताने शिवणाऱ्या बाईचे डोळे आणि पाठ कोणी मोजत नव्हतं. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालले ते याचसाठी, बाईला चार पैसे मिळावेत म्हणून. १९३०च्या दशकात कलकत्त्याला उषा मशीन तयार होऊ लागलं आणि स्वातंत्र्यानंतर ते लग्नाच्या सामानात येऊन बसलं. दोन्ही देवास आणि धार १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाली. राजवाड्यांच्या नोकऱ्या संपल्या तेव्हा कित्येक घरांना या मशीननेच हात दिला.

पण एक गोष्ट हातातून गेली. हातचं सूत होतं तेव्हा दोरा कसा असावा हे बाई ठरवायची. रीळ आल्यावर दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा राहिला: या रंगाचं मॅचिंग आहे का? नंबर कोणी विचारेना, पदर कोणी मोजेना.

याचा परिणाम दिसला तो टेरिलीनच्या दिवसांत. पॉलिएस्टर इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलं, आणि १९६०-७०च्या दशकांत आपल्याकडे टेरिन-टेरिकॉटचे शर्ट आले. ते सुती दोऱ्याने शिवले की धुतल्यावर दोरा आटायचा, कापड आटायचं नाही, आणि शिवणीवर चुण्या पडायच्या. म्हणून पॉलिएस्टर दोरा आला आणि शर्टासाठी तो बरोबरच होता. स्वस्त, तुटत नाही, रंग जात नाही. बघता बघता दुकानात तोच उरला, आणि शर्टाचा दोरा गोधडीत शिरला.

आमच्या देवासच्या घरात सासूबाईंनी शिवलेली एक गोधडी आहे. मधली ओळ उसवली म्हणून ती एका कारागिराकडे मशीनवर टिपा मारायला दिली होती. त्याने पॉलिएस्टर दोऱ्याने, बारीक टाक्यांनी, ताण घट्ट ठेवून नीट काम केलं, बघायला सुरेख. तीन पावसाळ्यांत प्रत्येक टिपेच्या कडेने कापड चिरत गेलं. दोरा शाबूत, लुगडं फाटलेलं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, दोरा मजबूत होता ना?" तोच तर घोटाळा. शिवणीवर ओढ आली की काहीतरी सुटतंच. आधी दोरा सुटायचा. आता दोरा सुटत नाही, म्हणून कापड सुटतं. त्यात बारीक टाका म्हणजे विरलेल्या कापडाला ओळीने पाडलेली भोकं. नव्या जाड कापडावर हाच दोरा बिनघोर चालेल. दोष पॉलिएस्टरचा नाही, जोडीचा आहे. सासूबाईंचं ते लुगडं परत मिळणार नाही, एवढं खरं.

तेव्हा आज गोधडी मशीनवर शिवायची तर दोरा कसा घ्यावा?

तुकडे जोडायचा दोरा वेगळा आणि तिन्ही थर एकत्र टिपायचा दोरा वेगळा, हे आधी पक्कं करावं. तुकडे जोडताना दोरा दिसायला नको आणि जाडही नको. शिवण दाबून बसवली की तिच्या आत दोऱ्याचा उंचवटा राहतो. एका शिवणीत तो जाणवत नाही, पण वीस तुकड्यांच्या ओळीत सगळे उंचवटे मिळून माप बोटभर चुकतं आणि कोपरे जुळत नाहीत. इथे ५० किंवा ६० नंबरचा सुती दोरा हवा. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. जुनी इंग्रजी मोजणी अशी की एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो सुताचा नंबर, म्हणून बारीक सुताचा आकडा मोठा. नंबराशेजारी तिरकी रेघ आणि तीन असं लिहिलेलं असेल तर दोरा तीनपदरी. रंगांचा फार विचार करू नये. पांढरा, फिका करडा आणि गडद कापडांना गडद करडा एवढ्या तीन रिळांत रंगीबेरंगी गोधडीही जोडून होते.

थर टिपायला ४० नंबर. टिपा उठून दिसाव्यात असं वाटत असेल तर ३० सुद्धा, पण सुई मोठी हवी, नाहीतर नेढ्यात दोरा पिसतो. जोडायला १४ नंबरची सुई, टिपायला १६. टाका लांब ठेवावा, जुनं कापड असेल तर आणखी लांब. वरचा ताण सैल करावा आणि बॉबिनमध्ये वरचाच दोरा भरावा. वर सुती आणि खाली पॉलिएस्टर असं केलं की धुतल्यावर एक आटतो, दुसरा आटत नाही, आणि गोधडी एका बाजूला ओढली जाते.

हातशिलाईचा चकचकीत दोरा मशीनला लावू नये, त्यावरची खळ चकत्यांमध्ये जाऊन बसते. वर सांगितलेला पेजेचा दोराही नको, त्याच कारणाने. नायलॉनचा पारदर्शक दोरा बाळाच्या दुपट्याला कधीच नको. तो तुटून टोचतो आणि इवल्या बोटांना गुंडाळतो. दुकानात रीळ घेताना हातभर दोरा सोडून उजेडासमोर धरावा: गाठी दिसल्या, तंतू फुललेले दिसले तर ते रीळ काज-बटणाला ठेवावं.

रेशमी दोऱ्याबद्दल काही जणी विचारतात, कारण तो बारीक असतो आणि फार मजबूत. कोश उकळून, आतला जीव मारून तो निघतो, तेव्हा माझ्या घरात तो नाही. आपल्याकडे रेशमी चंद्रवे आणि पूठिये पूर्वी भरपूर झाले, भांडारांत आजही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विरलेल्या सुती लुगड्यासाठी तर रेशीम तसंही नकोच: पॉलिएस्टरसारखंच, कापडापेक्षा बळकट.

अलीकडे धारकडच्या मुली बागच्या छापाचे तुकडे गोधडीत घालतात. बाग हे धार जिल्ह्यातलंच गाव. तिथल्या खत्री कुटुंबांनी १९६०च्या दशकात तिथे येऊन ठसेकाम वाढवलं. लाल रंग आलमचा आणि अलिझरिनचा, काळा लोखंडाचा. हे कापड नदीच्या पाण्यात धुऊन, उकळून, पुन्हा धुऊन आलेलं असल्यामुळे फारसं आटत नाही, आणि सुती दोऱ्याशी त्याचं छान जमतं. फक्त काळ्याकडे लक्ष ठेवावं. लोखंडाचा काळा रंग कापसाला वर्षानुवर्षं आतून कमजोर करतो. जगभरच्या जुन्या गोधड्यांमध्ये काळे-तपकिरी तुकडे सगळ्यात आधी विरलेले सापडतात. म्हणून काळ्या तुकड्याच्या खाली जुन्या मलमलीचा एक आधार घालावा, त्यावरून टीप शक्यतो नेऊच नये, कडेने न्यावी, आणि तिथे मशीन थांबवून हातानेच चार सैल टाके घालावेत, एकपदरी सुताने.